घशातल्या दातांचं भांडण

उत्तम, तू बुधवारी गेलास. मी गुरुवारी भांडायला येणार होतो.

तुला ते ठाऊक होतं. रविवारी तुझ्या घरून निघताना चपला घालता घालता मी एवढंच म्हणालो, "येतो गुरुवारी." शोभावहिनींना वाटलं, दोस्त आजारी आहे म्हणून पुन्हा भेटायला येतोय. तुला मात्र बराबर कळलं, कारण तू डोळे मिटून घेतलेस. तीन दिवस मी स्टाफरूममध्ये, घरात, स्कूटरवर तुझ्याशी भांडायची तयारी करत होतो. आधी काय बोलायचं, आवाज कुठे चढवायचा, तुला खोकल्याची उबळ आली तर थांबायचं की नाही. थांबायचं नाही, असं ठरवलं होतं. आणि बुधवारी अकराच्या तासाला शिपाई वर्गात आला, कानाशी लागून म्हणाला, "सर, प्राचार्यसाहेब गेले."

वा रे पठ्ठ्या! वीस वर्षं गप्प बसलास, रविवारी चार वाक्यं बोललास, आणि उत्तर ऐकायच्या आत पसार.

सगळं जालना म्हणतंय, प्रल्हादराव खचले. खचलोय काय! संतापलोय. तुला खांदा दिला तेव्हासुद्धा मनात एकच शब्द होता, लबाड. आणि स्मशानातून परत येताना स्कूटर तुझ्या घराच्या गल्लीत आपोआप वळली, कारण रविवारचा चहा तिथेच प्यायची सवय. तेव्हा रडलो. तेही सांगून टाकतो, लपवालपवी तुझ्याकडे राहू दे.

आता ऐक, कॉलेजात काय चाललंय. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेला तुझं नाव द्यायचं ठरलंय. पाटी तयार होऊन आली, मी पाहिली. कार्यक्रमात बोलायचं मी. प्रभारी प्राचार्य म्हणाले, "सर, तुम्ही दोघांनी केलेला तो हौदाचा प्रयोग सांगा. आणि तुम्ही स्वतःची चूक किती मोठ्या मनानं कबूल केली तेही सांगा. पोरांना प्रेरणा मिळेल." मी मान हलवली. प्रेरणा! तिथे काय बोलायचं ते मला अजून ठरवायचंय, म्हणून आधी तुझ्याशी बोलतोय.

एक्क्याऐंशी साली आपण एकाच दिवशी रुजू झालो. पहिल्याच महिन्यात तुझा तो तास मी दाराआडून पाहिला होता. बाजारातून माशांची टोपली आणलीस आणि पोरांना म्हणालास, "घाला तोंडात बोट. कोण घाबरतं?" एक पोरगी पुढे आली, तिनं घातलं. "दात हायेत?" "न्हाई सर." "आत घाल. अजून आत, पार घशापर्यंत." पोरगी किंचाळली आणि वर्ग हसून लोटपोट. मग शांतपणे तू सांगितलंस की या जातीच्या माशांच्या पूर्वजांना कोट्यवधी वर्षांपूर्वी तोंडात दात होते. ते गेले. घशातल्या हाडावरचे राहिले. मासा गिळतो आधी आणि चावतो नंतर. पोरं वहीत लिहून घेत होती आणि मी दाराआड उभा राहून ठरवलं की या माणसाशी दोस्ती करायची. असा शिकवणारा मी पुन्हा पाहिला नाही. हेही खरंच आहे, काय करू?

मग मी तुला गावी नेलं. वाटूरच्या फाट्यावर उतरून पुढे सायकलनं, आमच्या विहाराच्या मागून पायवाटेनं दुधना नदीच्या डोहावर. तो डोह उन्हाळ्यातही आटत नसे. त्यात वीतभर लांबीचा, पांढऱ्या खवल्यांचा मासा मिळायचा, ज्याला आमच्याकडे नुसतं खवल्या म्हणतात. माय चुलीपुढे बसून मासे साफ करत होती. तुला म्हणाली, "ह्या डोहातल्या खवल्याचा घसा लई कडक, बाबा. इळ्याची धार जाती. दुसरीकडचा असा न्हाई." आपण डोकं उकडलं, चिमट्यानं घशाचं हाड काढलं, धुऊन तळहातावर घेतलं. दात कसले, मसुराचे दाणे! जाड, चपटे, एकाला एक लागून. पूर्णा नदीतल्या खवल्याचे दात बारीक आणि टोकदार असतात हे आपल्याला माहीत होतं. जात तीच, जिल्हा तोच, आणि दात असे वेगळे. डोहातल्या दगडांवर गोगलगायींचा थर असायचा. हा मासा त्या शंखासकट फोडून खात होता.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, माझ्या मायच्या चुलीपुढे. मी म्हणालो, हे रक्तातलं आहे. या डोहातले मासे पिढ्यान्‌पिढ्या कोंडलेले, ज्यांचे दात जाड तेच जगले, आणि आता पिल्लू जन्मतंच ते घेऊन. तू म्हणालास, "छट्! खाण्यातलं. कुदळ मारून मारून माणसाच्या हाताला घट्टे पडतात. ते काय त्याच्या पोराला पाळण्यात येतात का?" मी म्हणालो, माशाचे दात जन्मभर पडतात आणि नवे येतात. नवा दात हाडातून वर येतो तेव्हाच जाड असतो, त्यानं अजून एक गोगलगाय फोडलेली नसते. तू म्हणालास, हाडावर जोर पडला की पुढचा दातही तसाच घडतो. पाच वर्षं आपण हेच बोलत होतो. शोभावहिनी म्हणायच्या, "माशाच्या दातापायी तुम्ही दोघं एकमेकाचे दात पाडताल एखाद दिवशी."

तुझ्यासाठी तो वाद होता. माझ्यासाठी काय होतं, हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगायला लाज वाटायची. उत्क्रांती म्हणजे कुठल्यातरी समुद्रापलीकडच्या बेटावरची गोष्ट, असंच आपण शिकलो. आणि इथे ती माझ्या गावच्या डोहात चालली होती, माझ्या अंगठेबहाद्दर मायला ती इळ्यावर कळली होती. आयुष्यात मला एवढं एकच सिद्ध करायचं होतं. पीएच.डी.चा विषय मी त्यासाठीच घेतला. आईची शपथ, पदवीची हाव नव्हती.

हौदाचा प्रयोग आपण मिळून आखला. कॉलेजच्या मागे सिमेंटचा हौद होता. त्यात डोहातल्या जाड दातवाल्या माशांच्या जोड्या सोडल्या, शेवाळ टाकलं, आणि श्रावणात पिल्लं झाली. त्या दिवशी तू पेढे वाटलेस. पिल्लांना फक्त कोंडा आणि भिजवलेली भुईमुगाची पेंड द्यायची, गोगलगाय दिसूही द्यायची नाही. मऊ खाऊनही दात जाड निघाले तर मी बरोबर, बारीक निघाले तर तू. सरळ हिशोब. पाण्याचा तेवढा नियम होता. जालन्याचं पाणी कधी नळाचं, कधी टँकरचं, त्यात ब्लीचिंग पावडर. म्हणून पाणी आधी दोन दिवस पिंपात उघडं ठेवायचं आणि मगच हौदात घालायचं. मी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं.

पुढच्या मे महिन्यात मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी तीन आठवडे गावी राहिलो. पिल्लं बोटाएवढी झाली होती. काही मरतुकडी होती, ती मी वेगळी रांजणात ठेवली होती. किल्ली तुझ्या हातात देऊन गेलो. परत आलो तेव्हा हौदात पिल्लं मजेत फिरत होती. मी म्हणालो, "जरा मोठी झालेली दिसतात रे." तू म्हणालास, "मामाच्या घरी राह्यली ना. वाढणारच." किती हसलो मी त्यावर!

हिवाळ्यात आपण डोकी उकडली. मी हाडं काढायचो, तू भिंगाखाली धरायचास. बारीक. बारीक. टोकदार. बारीक. संध्याकाळपर्यंत हेच. सगळ्यांत फक्त चार माशांचे दात जाड निघाले. तू म्हणालास, "ती चार बाजूला ठेव, बघू." आणि मीच म्हणालो, "बघायचं काय? कुठूनतरी गोगलगाय हौदात आली असेल." तुझ्या बाजूचं स्पष्टीकरण मी दिलं! मला माझ्या प्रामाणिकपणाची एवढी मिजास होती की स्वतःच्या फायद्याची चार हाडं मी स्वतःच्या हातानं बाजूला सारली. तू भिंग पुसत बसलास. तेव्हा वाटलं, मित्राला वाईट वाटतंय.

औरंगाबादच्या चर्चासत्रात मी उभा राहिलो आणि सांगितलं, माझं चुकलं, डोहातल्या माशांचे दात खाण्यानं घडतात. टाळ्या पडल्या. पीएच.डी. मी सोडून दिली. त्याच विषयावर, उलट बाजूनं, तू केलीस. तू डॉक्टर झालास, पुढे प्राचार्य झालास, आणि मी 'प्रामाणिक प्रल्हादराव' झालो. या शहरात माझी जी काही इज्जत आहे ती त्या एका कबुलीवर उभी आहे. आणि ती कबुलीच खोटी!

रविवारी वहिनी चहा टाकायला आत गेल्या तेव्हा तू म्हणालास, "प्रल्हाद, हौदातली पिल्लं आपली नव्हती." मला वाटलं, तापात बरळतोयस. तू माझं मनगट धरलंस. "मी टँकरचं पाणी डायरेक्ट सोडलं. लग्नाला जायची जल्दी होती. परत येऊन बघतो तर सगळी मेल्ती. रांजणातली चार तेवढी जगली, ती मी पूर्णेतून आणलेल्या पिल्लांत सोडली, चार तरी खरी असावी म्हणून." तेवढ्यात वहिनी ट्रे घेऊन आल्या. आणि मी चहा प्यालो, उत्तम. बशीत ओतून, पूर्ण कप. मला दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

चार. मसुराएवढ्या दातांची चार. कोंडा-पेंड खाऊन वाढलेली, डोहातल्या माशांची खरी पोटची. म्हणजे रक्तातलंच होतं, निदान त्या चारांनी तरी तेच सांगितलं होतं. चारांवर शास्त्र उभं राहत नाही, कबूल. पण चारांवर माणूस पुन्हा प्रयोग करू शकतो. तू मला तेव्हा खरं सांगितलं असतंस तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी डोहावर जाऊन नवी जोडी आणली असती. एक पावसाळा लागला असता, बस. पिल्लं मेली म्हणून मी तुला सोडलं असतं का रे? कुणाच्या हातून मासे मरत नाहीत? माझ्या हातूनही मेले असते. आज जाऊन बघू म्हटलं तर डोहावर धरणाचं पाणी पसरलंय. त्यात रोहू-कटल्याचं बीज सोडलंय आणि गावातले भोई म्हणतात, जुना खवल्या जाळ्यात येईनासा झाला. आता तो प्रश्न कुणीच सोडवू शकत नाही. हे तू केलंस.

तेव्हापासून एकेक आठवण निघते आणि तिचं तोंड उलट्या बाजूला फिरलेलं असतं. दोन-तीन वर्षांमागे मी औरंगाबादच्या ग्रंथालयातून तुला फोन केला होता. उड्या मारत होतो. म्हणालो, "उत्तम, वाचलंस का? या माशांच्या तोंडातले दात गेले, पण दात घडवायची सूचना रक्तात अजून शाबूत असते म्हणे. नुसती तोंडाच्या जागी ती चालू होत नाही. करोडो वर्षं! रक्त काही विसरत नाही गड्या." मी म्हणालो, हॅलो, हॅलो. शेवटी तू म्हणालास, "आवाज कटून राह्यला," आणि ठेवलास. मी रेंजला शिव्या दिल्या.

आणि मायचं शेवटचं दुखणं. तू रोज यायचास, माझे तास घेऊन वर रोज यायचास, तिच्या पायाशी बसायचास. तिनं तुला विचारलं, "बाबा, पल्हादाचं त्या माशाचं काय झालं?" तू तिच्या कानाशी वाकून म्हणालास, "पल्हादच बराबर होता, माय. डोह तुझाच खरा." ती हसली. बाहेर येऊन मी तुला मिठी मारली. मला वाटलं, मरणाऱ्या म्हातारीचं मन राखायला माझा दोस्त किती गोड खोटं बोलला. सगळ्या वीस वर्षांत तेवढंच खरं बोललास तू. आणि तेही तिला, मला नाही! तरी मायनं ते ऐकलं. तिनं ते ऐकून डोळे मिटले. त्याबद्दल तुझे उपकार मानू की तुझी मान पिरगाळू, मला कळत नाही.

काल वहिनींकडे गेलो. म्हटलं, चार लोकांत बोलायच्या आधी त्यांना सांगावं. नवऱ्याच्या नावाची पाटी लागतेय, त्यांना धक्का बसायला नको. कसं सुरू करावं कळेना. म्हणालो, "वहिनी, हौदातल्या त्या पिल्लांबद्दल..."

"पूर्णेची होती," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरातून आणल्ती. बहिणीच्या लग्नानंतर मला न्यायला हे पुन्हा आले, तेव्हा येताना एष्टीत बादली माझ्याच मांडीवर होती, भाऊ. लुगडं पार भिजून गेल्तं."

दर राखीपौर्णिमेला माझ्या मनगटाला राखी बांधणारी बाई! मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं?"

"सांगा म्हणून दर दिवाळीला भांडत होते मी त्यांच्याशी. ते म्हणायचे, आता सांगितलं तर पल्हाद मला सोडून जाईल." मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "मी सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलं. माझंबी चुकलं."

मी विचारलं, "कार्यक्रमात मी काय बोलू?"

"खरं बोला. पाटी काढून टाकली तरी चालेल. त्यांनी तुमच्या तोंडून खोटं वदवून घेतलं तेवढं बस झालं." आणि उठता उठता म्हणाल्या, "पिठलं-भाकरी टाकते, जेवून जा." मी जेवलो नाही. पहिल्यांदाच तुझ्या घरातून उपाशी निघालो.

तर ठरलं. मी बोलणार. टँकरचं पाणी, बादली, चार मासे, सगळं. तू कसा शिकवायचास तेही बोलणार, कारण तेही खरं आहे. पाटी लावायची की नाही ते त्यांनी बघावं. 'प्रामाणिक प्रल्हादराव' गेले तर गेले.

एक गोष्ट मात्र तिथे बोलणार नाही. ती तुझी आणि माझी आहे. चर्चासत्र संपल्यावर आपण बसस्टँडवर आलो आणि रसवंतीच्या बाकड्यावर मी लहान पोरासारखा रडायला लागलो. आजूबाजूचे लोक बघत होते. तू रसाचा ग्लास माझ्या हातात दिलास, पाठीवरून हात फिरवत राहिलास आणि म्हणालास, "अरे, कोण हरलं न्हाई, कोण जिंकलं न्हाई. खरं काय ते कळलं. मास्तर माणसानं आणखी काय मागावं?" बादली तुझ्याच हातानं हौदात ओतली होतीस आणि हे बोललास. माझे डोळे तुझ्या रुमालानं पुसलेस.

प्रयोग बिघडवलास, मला हरवलंस, डॉक्टर झालास, या सगळ्याचा राग एखाद दिवशी जाईल. पण ते बोलणं मी खरं मानलं. प्रत्येक वर्षी, प्रत्येक नव्या वर्गाला, पहिल्या तासाला मी तेच सांगत आलो. माझ्या पोरांना सांगितलं. माय गेली तेव्हा स्वतःला सांगितलं. दातांचं काय, ते मी कार्यक्रमात दुरुस्त करीन. पण ते वाक्य मला फार आवडलं होतं, उत्तम.